मांडणीतून खुंटीवर

मी वायफायचा डबा बोलतोय. कोणी राउटर म्हणतं. सिंदेवाहीजवळच्या या गावात मी दोन हजार नऊ साली आलो. हेमराज बल्लारपूरच्या कारखान्यात कामाला. त्याने मला गमछ्यात गुंडाळून आईबापाच्या घरी आणलं, सोबत जुना लॅपटॉप. त्याची मुलगी चंचल आजीपाशी राहून शिकत होती.

आशाबाईने, म्हणजे चंचलच्या आजीने, मला हळदकुंकू लावलं. आठवडाभरात उंदरांनी माझी लॅपटॉपला जोडायची तार कुरतडली. झालं! आशाबाईने मला स्टीलच्या मांडणीत, पाण्याच्या गुंडांच्या, म्हणजे कळश्यांच्या मागे दडवलं. या घरात जपायची वस्तू भांड्यामागेच जाते. तिथे शेजारी आधीच लटारूभाऊंच्या बिनतारी फोनची बैठक होती, हातातला फोन मात्र त्यांच्या खाटेवर. आशाबाईचा नवरा लटारूभाऊ गुडघ्यांनी बसलेला माणूस. खाटेवर पडूनच तळ्याच्या मासोळीचे सौदे करायचा.

त्या फोनचं आणि माझं बोलणं हवेतल्या एकाच वाटेने जायचं. तो बोलला की माझं कोणाला ऐकू जात नसे. शिवाय पुढे भांड्यांची, स्टीलची भिंत. पण हे मी सांगणार कोणाला?

चंचलच्या नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आला. पाच वाजता सगळं बंद होणार. फोटो अर्ध्यापर्यंत चढायचा आणि थांबायचा.

"आजी, पुन्हा अटकला वं!" चंचल ओरडली.

आशाबाईला अक्षर येत नव्हतं, पण तिच्या डोक्यातून काही निसटत नसे. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "सकाळी व्यापाऱ्याचा फोन होता, तवा अटकला. दुपारी तुई आत्या बोलली, तवा अटकला. आता तळ्यावरचा पत्रूभाऊ बोलून राह्यला. तुया आबानं फोन धरला का हे बंद."

"म्हंजे मीच पनवती का?" खाटेवरून लटारूभाऊ.

"तुमी नाई, तुमचा फोन. तळ्यात तुमी पाणी बडवत होते, तवा मी तिथीच गरी टाकून बसत होती का? एक मासोळी लागली नसती."

"अन् मी बोलू कुठून? मायाच्यानं उठणं होते का?"

घड्याळात साडेचार झाले होते. लटारूभाऊंनी पोरीकडे पाहिलं. मग पत्रूला म्हणाले, "मंग बोलतो गा," आणि फोन बायकोच्या हातात दिला. "काढ त्याची तार."

मांडणीतल्या बैठकीची तार निघाली. आशाबाईने मला मांडणीतून काढून उंच खुंटीवर टांगलं, भांड्यांपासून दूर, मोकळ्या हवेत. पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म गेला. चंचल आजीच्या गळ्यात पडली, निवडलेले तांदूळ सांडले.

मग जुना तारेचा फोन दाराशी लागला. लटारूभाऊ काठी टेकत दिवसातून चारदा तिथवर जायचे आणि जाता येता मला शिव्या द्यायचे. महिन्याभरात काठीवरचा भार हलका झाला. आशाबाई लोकांना सांगायची, "डाक्टरनं नाई केलं ते या डब्यानं केलं."

चंचल नागपुरात शिकली, नर्स झाली. माझ्यानंतर नवा डबा आला. आता मी पत्र्याच्या पेटीत आहे, त्या बिनतारी फोनला टेकून. मागच्या दिवाळीत चंचल आम्हा दोघांना भंगारात टाकायला निघाली होती.

"राहू दे वं," आशाबाई म्हणाली, "एका वाटेनं चालता नाई आलं त्याइले. बसू तरी दे जवळ."

तुमच्या घरी माझ्या जातीचा कोणी असेल, तर त्याला भांड्यांमागे जपू नका. उघड्यावर, उंचावर, थोडं एकटं ठेवा. सोबत काय, शेवटी पेटीत मिळतेच.