रंग बघून कोड तपासणारे साहेब

आमचे आनंदसर कोड वाचत नाहीत, बघतात. हातात चहाचा कप घेऊन मागे उभं राहायचं आणि स्क्रीनवर रंग कसे पडलेत ते न्याहाळायचं. लाल जास्त दिसलं की कोड वाईट. अहो, रंगपंचमी आहे का ही?

सदाशिव पेठेतल्या तीन खोल्यांत आमची सॉफ्टवेअर कंपनी. माझ्या शेजारी सुहाना बसायची. तिचं प्रोबेशन संपत आलं होतं. शुक्रवारी एक तर ती कायम होणार, नाहीतर घरी. पोरगी हुशार, पण सरांसमोर तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

कॅम्पातल्या एका हॉस्पिटलसाठी पेशंट नोंदणीचा प्रोग्राम होता. इंग्रजी नावात कोणती अक्षरं चालतील याचा नियम, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, सुहानानं लिहिला. डिसूझा लिहिताना 'डी'नंतर वर जी टिकली देतात, तीही तिनं आठवणीनं घेतली. कोड लिहायचं आमचं सॉफ्टवेअर, म्हणजे एडिटर, शब्दांना आपोआप रंग देतं, पण ते मात्र अर्धवट! ती एकटी टिकली दिसली की त्याला वाटायचं, अवतरणचिन्ह उघडलं, आणि अवतरणातलं सगळं ते लाल दाखवायचं. मग खालचा सगळा कोड लालभडक. प्रोग्राम ठणठणीत चालायचा, फक्त रंग चुकायचे.

सर आले. "हे काय रक्तबंबाळ करून ठेवलंय?"

"सर, एडिटरला रेग्युलर एक्स्प्रेशन कळत नाही, म्हणून..." सुहाना पुटपुटली.

"मला शिकवू नकोस." त्यांनी वाकून टिकली खोडली. सगळे रंग जागच्या जागी आले. "बघ!" म्हणाले आणि गेले.

"परत घाल ती," मी म्हटलं.

"नको मॅडम. शुक्रवारी सही त्यांचीच आहे."

हॉस्पिटलातल्या डेमोला नोंदणी विभागाच्या डिसूझा मॅडमनी पहिलं स्वतःचंच नाव टाकलं. प्रोग्राम म्हणाला, नाव चुकीचं आहे. "माझं नाव चुकीचं?" मॅडम भडकल्या. सर लगेच म्हणाले, "नवीन मुलगी आहे हो. निष्काळजी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसात आल्या आल्या केबिनचं दार ढकललं. "टिकली तुम्ही काढलीत. मी शेजारीच होते."

"हो, काढली," सर शांतपणे म्हणाले. "पण क्लायंटला कोणाचं तरी नाव सांगावं लागतं, भाग्यश्री. ती अजून कायम नाही. तिला सोडलं की विषय संपला."

म्हणजे सगळं ठाऊक होतं! चोर तो चोर, वर शिरजोर. मी त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि हॉस्पिटलला लावला.

"डिसूझा मॅडम, भाग्यश्री बोलतेय. सुहानानं तुमचं नाव बरोबर घेतलं होतं. टिकली आमच्या सरांनी काढली. त्यांना रंग आवडला नाही."

"रंग? कुठला रंग?"

मी रिसीव्हर सरांच्या हातात कोंबला. "मॅडम विचारतायत, कुठला रंग. आपणच समजावून सांगा. आणि जरा थांबा, तिच्यासमोर सांगा."

दार सताड उघडून मी सुहानाला हाक मारली.