सगळ्यात जास्त वेळा एक

मालकीणबाईंनी खाणावळीतली टेबलं बदलायची ठरवलं, आणि त्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. "सगळी एकसारखी आणायची," त्या म्हणाल्या. "किती जणांची, ते हिशोब करून सांगा, काका."

काका म्हणजे काउंटरवर बसून पावत्या, टेबल, वेळ आणि माणसं किती यासकट, कॉम्प्युटरवर चढवणारे गृहस्थ. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. रोज तीन वाजता, वर्दळ ओसरली की, ते खांबाला चिकटलेल्या चिमुकल्या टेबलावर जेवत. खांबामुळे तिथं दुसरी खुर्ची मावतच नव्हती. अख्ख्या दिवसात त्यांना बरी वाटणारी जागा ती एवढीच, आणि आता तिच्यावरच गदा आली होती.

काकांनी आधी महिनाभराच्या पावत्यांवरून सरासरी काढली. एका टेबलावर तीन पूर्णांक चार दशांश माणसं.

"आणि हा चार दशांश माणूस कुठं बसवू, तुमच्या मांडीवर?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी भाचीला फोन लावून दिला. भाची कॉलेजात हेच शिकवायची.

"सरासरी सोडा, काका," भाची म्हणाली. "रिकाम्या चौकोनात बरोबरचं चिन्ह टाका, पुढं मोड लिहा आणि कंसात माणसांचा अख्खा रकाना घ्या. जो आकडा सगळ्यात जास्त वेळा आलाय, तोच येईल."

काकांनी एका बोटानं टकटक केलं. उत्तर आलं, एक.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एकच. म्हणजे महिनाभरात इथं सगळ्यात जास्त वेळा माणूस एकटाच आला होता. चार वर्षं त्यांना वाटत होतं, जगात एकटे असे आपणच तेवढे उरलोय. उगाचच वाटत होतं ते. त्या दुपारी ते चक्क दुसऱ्यांदा भात मागून जेवले.

"एकेकट्याची टेबलं करा," त्यांनी बाईंना सांगितलं.

"नवलच आहे," बाई म्हणाल्या. "बरं, उद्या सकाळी सुतार येतोय, त्याला सांगते."

संध्याकाळी काकांना राहवेना. हे आपले भाऊबंद येतात तरी कधी, बसतात तरी कुठं, म्हणून त्यांनी फक्त एक आकड्याच्या ओळी वेगळ्या काढल्या. चव्वेचाळीस निघाल्या. खांबाचं टेबल, तीन वाजता. खांबाचं टेबल, तीन वाजता. ते खाली खाली जात राहिले. स्वयंपाकघरातली मंडळी आतच जेवत आणि पावतीच्या भानगडीत पडत नसत. काका मात्र सरळमार्गी, स्वतःच्या जेवणाची पावतीही न चुकता चढवायचे. चव्वेचाळीसपैकी सव्वीस वेळा ते स्वतःच होते.

त्यांनी त्या सव्वीस ओळी पुसल्या. उत्तर पटकन बदललं आणि दोन झालं.

गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे, असं त्यांच्या मनात आलं. टेबल वाचलं असतं. पण सगळी खाणावळ आपल्या एकट्याच्या मापानं कापायची, हे काही त्यांच्या गळी उतरेना. सकाळी सुतार यायच्या आधी ते बाईंपुढं उभे राहिले. "माझं चुकलं, बाई. दोघांची करा."

महिन्यानं दोघांची टेबलं आली. खांबाजवळ आता पाण्याचं पिंप होतं. तीन वाजता काका खिडकीशी बसले, तर समोर खुर्ची. खांबाजवळ दुसरी खुर्ची नव्हतीच, त्यामुळं कुणी नाही हे दिसायचं नाही. आता ते अगदी नाकासमोर होतं. त्यांनी उठून ती खुर्ची शेजारच्या टेबलाला लावली.

बाईंनी ती परत आणून ठेवली. "असू द्या की, काका. कुणी आलं तर?"

"हो, तेही खरंच," काका म्हणाले. मान खाली घालून त्यांनी कसंबसं जेवण संपवलं, काउंटरवर गेले आणि आपली पावती चढवली. माणसं, एक.