अब्दुलबागींची वीस वाक्यं

सुदानमधल्या अतबऱ्याच्या आमच्या विद्यापीठात इंग्रजीची तोंडी परीक्षा पाच मिनिटांची असते. त्यात वीस वाक्यं बिनचूक बोलली की उमेदवार पास. वाक्यं मोजायचं काम माझं. शिकवणारे शिकवतात, परीक्षक प्रश्न विचारतात. निकाल मात्र माझ्या पेन्सिलीच्या रेघांवर लागतो. हे मी कोणाला बोलून दाखवत नाही.

त्या दिवशी आत आले अब्दुलबागी. वय बावन्न, अंगातली पायघोळ जलाबिया कडक इस्त्रीची. अकरा वर्षं शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक. पदवी नाही म्हणून ‘प्रभारी’ सुटत नव्हतं, आणि पदवी इंग्रजीपाशी अडली होती. दोनदा नापास झालेले. ही तिसरी खेप, नियमाप्रमाणे शेवटची.

मागच्या दोन्ही वेळा त्यांच्या नावापुढे एकही रेघ नव्हती. परीक्षक परदेशी होते. माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, तुमचं नाव काय.

“तब्येत नाही, घरदार नाही, थेट नाव,” अब्दुलबागी मला नंतर म्हणाले होते. “चौकीत धरून आणलेल्याला विचारतात तसं. माझी जीभच उचलेना, बाबा.”

या खेपेला परीक्षक होत्या उस्ताजा, म्हणजे प्राध्यापिका, इखलास, गावातलीच मुलगी. त्यांनी प्रश्नांचा कागद उचलला, पण अब्दुलबागींनी आधीच इंग्रजीत सुरुवात केली होती.

“आपण कशा आहात? आपली आई कशी आहे?”

“आई बरी आहे. आभारी आहे.”

“तिचा गुडघा कसा आहे? पोर्ट सुदानचा आपला भाऊ कसा आहे? त्याचे घर बांधून झाले का?”

आमच्याकडे वडीलधाऱ्याची विचारपूस मध्येच तोडणं म्हणजे दारात आलेल्याला हाकलून देणं. इखलास एकेकाचं उत्तर देत गेल्या. गुडघ्याचं झालं, भावाचं झालं, मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन स्वतःहूनच निघालं. चार मिनिटं झाली तेव्हा मी हिशेब पाहिला. अब्दुलबागींची सोळा वाक्यं, इखलास यांची एकतीस. उस्ताजा केव्हाच पास झाल्या होत्या.

“घड्याळ,” मी हळूच म्हटलं.

इखलास दचकल्या. अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबचा पदर सावरून त्यांनी कागदावरचं वाचलं, “आपल्या शहराचे वर्णन करा.”

अब्दुलबागींचा चेहरा विझला. चाळीस सेकंद उरले. मग तीस.

“मामा, बोला काहीतरी,” इखलास अरबीत कुजबुजल्या. “नाईल म्हणा, रेल्वे म्हणा.”

“शहर खिडकीतून दिसतंय की, पोरी,” तेही अरबीतच म्हणाले. “सांगायचं काय त्यात?”

वाक्य झकास होतं. मला रेघ ओढता आली नाही.

इखलास यांनी कागद पालथा घातला आणि इंग्रजीत विचारलं, “आपली पत्नी कशी आहे?”

माणूस खुर्चीत सरळ झाला. “ती बरी आहे. तिने आपल्याला सलाम सांगितला आहे. ती आपल्या आईची वाट पाहत आहे.”

एकोणीस.

“आणि मुले?”

“अल्हम्दुलिल्लाह,” अब्दुलबागी म्हणाले, आणि घंटा वाजली.

इखलास माझ्याकडे पाहत होत्या, मी पेन्सिलीकडे. विचारपूस घंटेवर थांबत नसते, त्यामुळे अब्दुलबागींनी इंग्रजीत पुढे चालवलं, “मुलेही बरी आहेत.”

आता, घड्याळ मी अब्दुलबागी दारात असतानाच लावलं होतं. चालत येऊन, जलाबिया आवरून बसायला त्यांना सात सेकंद लागले. ती माझी चूक, त्यांची नव्हे. मी विसावी रेघ ओढली आणि वही इखलास यांच्यापुढे सरकवली. त्यांनी सही केली.

“पास झालात, मामा. या आता.”

अब्दुलबागी उठले. निघताना आईला, भावाला, गुडघ्याला आणि डोळ्याला वेगवेगळे निरोप द्यायचे होते, ते त्यांनी उभ्यानेच इंग्रजीत दिले. नऊ मिनिटं गेली. दाराबाहेरचा पुढचा उमेदवार दोनदा डोकावून गेला. वहीत शेऱ्याचा एक रकाना असतो, तो मी सहसा रिकामा ठेवतो. तिथे लिहिलं: मुख्याध्यापक उत्तीर्ण झाले आहेत, खोलीतून अजून निघालेले नाहीत.