वाळूला हात

वडील अर्धांगवायूने दवाखान्यात पडले आणि त्यांची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी मुलीच्या गळ्यात आली. अकरा वर्षांत त्यांनी तिला त्या काचेला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दुसऱ्याच्या हातावर विश्वास म्हणून नाही. आता उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. कसं करू, हे विचारायची सोय उरली नव्हती.

सात आठवडे तिने टाकी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. आटलेलं पाणी भरून काढलं, प्रवाळांवरचा दिवा वेळेवर लावला. पट्टेरी केशरी माशांची जोडी तिला पाहून वर यायला लागली तेव्हा ती सुखावली. बाबांनी एकदा तरी म्हणावं, बरं सांभाळलंस. यापलीकडे तिला काही नको होतं.

ते घरी यायच्या आदल्या दिवशीच माशी शिंकली. ती दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला; डाग दिसला की तिचे हात शिवशिवायचे. तळाशी वीतभर वाळू होती आणि काचेतून खालचा थर काळाकुट्ट दिसत होता. बाबांना असलं घाणेरडं कसं दाखवायचं? तिने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून वाळू तळापासून उपसली. कुजक्या अंड्यांचा वास खोलीभर पसरला. तासाभरात दोन्ही मासे आडवे झाले.

ती धावत मासेवाल्या दुकानदाराकडे गेली. त्याने कपाळाला हात लावला.

"अहो, जाड थर असा ढवळायचा नसतो. खाली विषारी वायू साठलेला असतो. एवढ्या वर्षांत बाबांनी सांगितलं नाही?"

"त्यांनी मला जवळच येऊ दिलं नाही कधी."

जिवंत राहिलेले प्रवाळ त्याने पंप लावून बादलीत ठेवायला लावले. आठवडाभर तग धरतील, तेवढ्यात टाकी रिकामी करून नवी वाळू निवडा, म्हणाला.

वडील आले. खुर्ची टाकीसमोर नेण्याआधीच तिने सगळं सांगून टाकलं, एक शब्द गाळला नाही. त्यांनी रिकाम्या काचेकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस ते तिच्या हातचं जेवले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी बादलीतले प्रवाळ आक्रसायला लागले. आता रुसवेफुगवे परवडणारे नव्हते.

तिने दुकानातून आणलेल्या वाळूचे तीन वाडगे त्यांच्या मांडीवरच्या फळीवर ठेवले.

"बाबा, यातली कुठली ते दाखवा. माझ्यावर रागवा, पण प्रवाळांना मारू नका."

मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून त्यांनी पहिल्या वाडग्यात ठेवला. केसाएवढी स्प्रिंग चाचपून ओळखणारी बोटं होती ती. वाळूत नुसती पडून राहिली. दुसऱ्या वाडग्यातही तेच. तिला ते बघवेना.

त्यांनी तो हात बाजूला घेतला, डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तिचा हात वाडग्यात घातला.

"सांग," ते म्हणाले. शब्द वाकडातिकडा होता, पण होता.

"ही पिठासारखी आहे," ती चाचरत म्हणाली, "पंप लावला की उडेल." दुसरा वाडगा. "ही जाड आहे. फटींत घाण अडकेल." तिसरा तिने पुनःपुन्हा चोळून पाहिला. "ही साखरेपेक्षा जरा मोठी, गुळगुळीत. ही घेऊ?"

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वाट बघत बसले.

"हीच," ती म्हणाली. "दोनच बोटं जाड पसरते."

वडिलांनी डाव्या हाताने बाकीचे दोन वाडगे एकेक करून बाजूला सारले.