दुखरा गुडघा आणि उत्तरेचं रान

आमच्या धाकट्या लेकीला मुलगी झाली, त्या वर्षी आम्ही उन्हाळ्यात पहिल्यांदाच देशाच्या उत्तरेकडच्या रानात पायी फिरायचं ठरवलं. पण बायकोचा गुडघा पाहून डॉक्टरांनी तिला मनाई केली.

"मग मी एकटाच जाऊन येतो," मी म्हणालो.

"तुम्हाला कपाटात मोजे सापडत नाहीत, रानात वाट सापडणार?"

तिने पाठीवरच्या पिशवीत पाच किलो पीठ भरलं, नवे बूट घातले आणि महिनाभर रोज आमच्या इमारतीचे चार मजले चढली. खालचा न्हावी वैतागला. "काकू, जिना मोडेल!"

"मोडू दे, गुडघा टिकला म्हणजे झालं."

महिन्याने डॉक्टरांनी गुडघा पुन्हा वाकवून पाहिला. "जा," ते म्हणाले, "आणि यांना सांभाळा."

मे महिन्यात आम्ही दोघं अकरा दिवस चाललो. त्यानंतर सहा वर्षांनी, दोन फेब्रुवारीला ती वारली.