सात नंबरचा गाळा

कमानी बाजाराच्या फाटकावर पालिकेनं नोटीस चिकटवली, त्या दिवसापासून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या केवळराम घडीसाजानं धास्तीच घेतली. खोटं कशाला सांगू, माणूस मुळातच भित्रा. कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारा. पण या वेळचं भेव वेगळं होतं.

नोटिशीत लिहिलं होतं, पालिकेचा हा जुना बाजार पाडून तिथं तीन मजली संकुल उभं राहणार. रस्त्याकडच्या ओळीतल्या, म्हणजे एक ते वीस नंबरच्या भाडेकरूंना खाली तळमजल्यावर दुकान. मागच्या ओळीतल्यांना पार वर, तिसऱ्या मजल्यावर. केवळराम बसायचा सात नंबरात, अगदी रस्त्यावर. मग भ्यायचं काय कारण? कारण हे की पालिकेच्या रजिस्टरात सात नंबर होता चुन्नीलालच्या नावावर, आणि केवळरामच्या नावावर होता मागचा एकतीस.

त्याचं असं झालं होतं. पंचाहत्तर साली चुन्नीलाल सात नंबरात सुपं-टोपल्या विकायचा. दुपारनंतरचं ऊन थेट आत शिरायचं आणि बांबू तडकायचा. इकडे केवळरामच्या एकतीस नंबरात भर दुपारी दिवा लावल्याशिवाय घड्याळाचा काटा दिसत नसे. एका चहावर दोघांनी गाळे बदलले. कागद? कागद कसला न् काय! त्या बाजारात सगळं शब्दावर चालायचं. पावत्या जुन्याच नंबरानं फाटत राहिल्या, आणि चौतीस वर्षं त्यात कोणाला काही खटकलं नाही.

आता चुन्नीलाल जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याची बायको सुमित्राबाई एकतीस नंबरात टोपल्या घेऊन बसायची. तिनं नुसतं तोंड मिटून ठेवलं तरी रस्त्यावरचं दुकान तिचं आणि केवळराम तिसऱ्या मजल्यावर! मोबाइल आल्यापासून आधीच घड्याळं घालतो कोण? दवनीवाडा गावचा एखादा म्हातारा सेल टाकायला येतो, तो काय तीन जिने चढणार आहे? साठी उलटलेली, दुसरा धंदा येत नाही. दुकान गेलं की चूल गेली, एवढं सरळ होतं ते.

"अजी, जाऊन इचारा ना सुमित्राबाईले," त्याची बायको रुक्माबाई म्हणाली. "दहा पावलावर तं बसते."

"इचारलं आन् तिच्या ध्यानात आलं तं?"

"म्हंजे तिले मालूमच नाही असं वाटते तुमाले?"

"मालूम असन. पन आठवन कायले करून द्याची?"

रुक्माबाईनं कपाळाला हात लावला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते असं.

मग त्याला जिकडे तिकडे खुणा दिसायला लागल्या. रोज सकाळी "जयभीम, भाऊजी" म्हणून पुढं जाणारी सुमित्राबाई आता मान खाली घालून झपाझप निघून जायची. देवरीहून तिचा पुतण्या येऊन बसायचा. वकिलीचं शिकलेला पोरगा, आणि आला की दोघांची आत कुजबुज. एकदा तर तो रस्त्यावर उभा राहून सात नंबरची रुंदी पावलांनी मोजून गेला. केवळरामच्या हातातला चिमटा सुटला आणि कोणाच्या तरी घड्याळाचं चाक फरशीवर कुठं गेलं ते सापडेना. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर उदबत्ती लावताना काडी तीनदा विझली. जेवण जाईना, डोळ्याला डोळा लागेना. विचारावं म्हणून तो दोनदा एकतीस नंबरापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा सुपाची किंमत विचारून परत आला.

आक्षेप द्यायची मुदत शुक्रवारी संपणार होती. शुक्रवारी दुपारी त्याच्यानं राहवलं नाही. तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज लिहिणाऱ्या घनश्यामकडे तो गेला. घनश्यामनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"देखो भाऊ, अदलाबदल लिहान तं फसान. सरकारी गाळा आपसात बदलता येते का? लिहू, चुन्नीलाल गाळा टाकून पळाला, तुम्ही ताबा घेतला. आन् त्याची औरत आता झूठा हक सांगून राहिली."

"पळाला नाही जी तो..."

"मरून गेला ना? मंग? तो थोडीच येते सांगाले!"

केवळरामनं सही केली. सही करताना त्याला चुन्नीलालचा चेहरा दिसला, पण तिसऱ्या मजल्याचा जिना त्याहून जास्त दिसत होता. पालिकेची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना अर्ज आत गेला आणि त्या रात्री तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

मंगळवारी पालिकेच्या सभागृहात सुनावणी. "गाळा सात" असा पुकारा झाला आणि केवळराम उठायच्या आत सुमित्राबाई पुढं गेली. पदराखालून तिनं एक स्टॅम्पपेपर काढून मोठ्या साहेबांसमोर ठेवला. झालं, संपलं, असं केवळरामला वाटलं.

साहेबांनी कागद मोठ्यानं वाचला. "माझे पती चुन्नीलाल यांनी सात नंबरचा गाळा केवळरामभाऊंना दिला व त्यांचा एकतीस स्वतः घेतला. सातवर माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही."

सभागृहात कोणीतरी "वा!" म्हणालं.

"अशा नऊ अदलाबदली आम्ही मान्य केल्यात," साहेब म्हणाले. "दोघांचं एकमत असलं की विषय संपतो. पण इथं हा आक्षेप आहे." त्यांनी दुसरा कागद उचलला आणि तोही तितक्याच मोठ्यानं वाचला. गाळा टाकून पळाला. अदलाबदल झालेलीच नाही. खोटा हक्क.

"साहेब, अर्ज वापस घेतो जी! चुकलं माझं!"

"अर्ज मागे घ्यायची मुदतही शुक्रवारीच संपली, काका. सही तुमची आहे ना? दोन्ही गाळे वादाच्या यादीत गेले. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कोणालाच वाटप नाही. सातही नाही, एकतीसही नाही."

"आन् पाडनार कधी?"

"येत्या सोमवारी."

हात दाखवून अवलक्षण! बाहेरच्या व्हरांड्यात सुमित्राबाई भिंतीला टेकून उभी होती. केवळराम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आता न जाऊन करतो काय?

"पुतन्या म्हने, काकू, चूप राहा, रस्त्यावरचं दुकान आपलं होते," ती म्हणाली. "महिनाभर भांडला माझ्यासंग. मले तुमच्यासमोर याची लाज वाटे, भाऊजी. कागद झाल्यावरच बोलू म्हटलं."

"मले तुमचं भेव वाटलं, भाभी."

"माझं?" तिनं स्वतःकडे एकदा पाहिलं. बांबूच्या चिरांनी भरलेले हात, विटलेलं लुगडं. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती रागावलीच नाही.

"दुकान गेलं तं गेलं. डोक्यावर टोपल्या घेऊन फिरीन मी," ती म्हणाली. "पन भाऊजी, त्यायले पळाला असं कायले लिहून दिलं? सरकारच्या कागदावर आता तेच राह्यन ना?"