दोनदा फिरवलेली मूठ

"बाळाला घेऊन आत नका येऊ, वाफ आहे!" मावशी आतूनच ओरडल्या. हात कोपरापर्यंत साबणात.

"मावशी, पाहुणे कोण ते तरी विचारा," आमच्यासोबतचे डॉक्टर म्हणाले. "छातीत सळई घुसलेले, ते हे."

आम्ही खरं तर डॉक्टरांचेच आभार मानायला आलो होतो. तेच आम्हाला लिफ्टने या तळघरात, शस्त्रक्रियेची हत्यारं धुण्याच्या खोलीशी घेऊन आले. वाटेत सगळं सांगितलं. अडीच महिन्यांपूर्वी ह्यांना आणलं, तेव्हा हृदय थांबलेलं. ऑपरेशन थिएटरपर्यंत न्यायलाही सवड नव्हती. अपघात विभागातल्या खाटेवरच छाती उघडली, बरगड्या फाकवल्या, हृदयाभोवती साकळलेलं रक्त काढून भोकावर बोट दाबून धरलं. बोटाखाली ते पुन्हा हललं.

"तेव्हा बरगड्या फाकवायचं यंत्र अडलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले.

बारा वर्षांपूर्वी एकदा अडलं होतं म्हणे. मूठ फिरेचना. खाटेवरची मुलगी गेली. एरवी वाचली असती का, कुणालाच सांगता येत नाही. ते यंत्र मावशींनी बांधून पाठवलेलं. कुणी त्यांना बोल लावला नाही; पण तेव्हापासून प्रत्येक यंत्र त्या मूठ फिरवून पूर्ण उघडतात, मिटतात, पुन्हा उघडून मिटतात, मगच गुंडाळतात. सोबतच्या पोरी चिडवतात, "मावशी, घड्याळाला चावी देताय का?"

मावशी दाराशी आल्या. मला खूप बोलायचं होतं. "मावशी, तुमच्यामुळे..." त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही.

"अगं, मी काय केलं? धुणारी बाई मी." मग त्यांनी ह्यांना विचारलं, "जिना चढताना धाप लागते का हो?"

"काय सांगू? ही चढूच देत नाही!"

मावशी खळखळून हसल्या. बाळ ह्यांच्या छातीवर डावीकडे कान टेकून झोपलं होतं. मावशींना जवळून दिसावं म्हणून मी त्याला उचलू लागले.

"राहू दे गं." त्यांनी ओला हात वर केला. "तिथंच बरं आहे ते."

मग हात पुसून टेबलाकडे वळल्या.

आम्ही निघालो. मागून मुठीचा बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा सुरू झाला.

मी लिफ्टचं बटण दाबायला गेले, तर हे बाळाला घेऊन जिन्याकडे वळलेले. मी अडवलं नाही.